सातपुड्यातला गांजा, दुबईतला फ्लॅट: अमली पदार्थांचा पैसा सरकारजमा करण्याची वाट, पायरीपायरीने

शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी कपाशीत किंवा तुरीत लपवलेला गांजा पोलिसांनी उपटला, ही बातमी खान्देशात कुणाला नवी नाही. झाडं उपटली जातात, वजन होतं, पंचनामा होतो, फोटो छापून येतो. अटक होते ती वावर कसणाऱ्याला, फार तर गाडीच्या ड्रायव्हरला. ज्याने बी पुरवलं, उचल दिली, माल महामार्गाला लावला आणि नफा मोजून घेतला, त्याचं घर, त्याचे प्लॉट आणि त्याची खाती जागच्या जागी राहतात. पुढच्या हंगामात तो दुसऱ्या पाड्यावरच्या दुसऱ्या गरजू माणसाला उचल देतो.

हा लेख त्या नफ्याबद्दल आहे. तो कसा शोधायचा, कसा गोठवायचा, आणि देशाबाहेर गेला असेल तर तिथून कसा मिळवायचा. ठाण्यातले तपास अधिकारी, या क्षेत्रात नव्याने आलेले वकील, बँकेतले आणि पतसंस्थेतले अधिकारी, तालुक्याचे पत्रकार आणि ज्यांच्या नावाचा वापर झाला अशी कुटुंबं, या सगळ्यांना उपयोगी पडावं म्हणून तो सविस्तर लिहिला आहे.

माझं ठाम मत आधीच सांगतो. परदेशातली मालमत्ता हाती लागणार की नाही, हे दिल्लीत किंवा दुबईत ठरण्याआधी तालुक्यातल्या ठाण्यात ठरतं. परदेशातलं न्यायालय किंवा सरकारी खातं आपल्याकडचा आरोपी पाहत नाही, आपला कागद पाहतं. गुन्हा कोणता, त्यातून पैसा किती आला, तो कोणत्या वाटेने त्या फ्लॅटपर्यंत पोहोचला, हे कागदावर दिसलं नाही तर विनंती कितीही वरच्या सहीने गेली तरी परत येते.

समजण्यासाठी एक कल्पित उदाहरण शेवटपर्यंत सोबत ठेवू. शिरपूर भागातला एक फायनान्सर आहे. त्याला शेठ म्हणू. दोन-तीन पाड्यांवर तो गांजा लावून घेतो. त्याचा जळगावात बंगला आहे, रावेर तालुक्यात केळीची जमीन आहे, पत्नीच्या नावावर पतसंस्थेत ठेवी आहेत आणि मेहुण्याच्या नावावर दुबईत फ्लॅट आहे.

आधी पाया: कोणत्या करारावर आपण उभे आहोत

संयुक्त राष्ट्रांचा अमली पदार्थांच्या अवैध व्यापाराविरुद्धचा करार डिसेंबर 1988 मध्ये व्हिएन्नात झाला आणि 11 नोव्हेंबर 1990 पासून लागू झाला. भारत त्यात 1990 मध्येच सामील झाला. आपल्याला हवं ते बहुतेक त्याच्या दोन कलमांत आहे. कलम 5 सांगतं की प्रत्येक देशाने या व्यापारातून आलेली संपत्ती शोधण्याची, गोठवण्याची आणि सरकारजमा करण्याची सोय आपल्या कायद्यात करायची, आणि दुसऱ्या देशाने मागितलं तर त्याच्यासाठीही ते करायचं. बँकेची गोपनीयता हे नकाराचं कारण चालणार नाही, असं तिथे स्पष्ट लिहिलं आहे. पैसा रूप बदलून जमीन झाला किंवा कायदेशीर पैशात मिसळला, तरी त्यातल्या गुन्ह्याच्या वाट्यापर्यंत हात पोहोचतो. कलम 7 परस्पर कायदेशीर साहाय्याचं आहे: जबाब, कागद, बँकेच्या नोंदी आणि झडती कशी मागायची ते त्यात आहे.

याशिवाय भारताचे अनेक देशांशी स्वतंत्र करार आहेत. ब्रिटनशी 1992 चा करार तर गुन्ह्यातून आलेली संपत्ती शोधणं आणि जप्त करणं याच विषयाचा आहे. संयुक्त अरब अमिरातीशी फौजदारी साहाय्याचा करार 1999 मध्ये झाला. द्विपक्षीय करार असेल तर विनंती त्याच्या आधारे करावी, नसेल तर 1988 च्या कराराचा आधार घ्यावा. तोही नसेल, तर आम्हीही तुमच्यासाठी असंच करू अशी हमी देऊन विनंती करता येते.

पायरी 1: मूळ गुन्हा डळमळीत ठेवू नका

मालमत्तेची सगळी कारवाई एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांविरुद्धच्या मुख्य कायद्याखालच्या मूळ गुन्ह्यावर उभी असते. आरोपी निर्दोष सुटला की गोठवलेली मालमत्ता सोडून देण्याची तरतूद त्याच कायद्याच्या कलम 68-झेडमध्ये आहे. मनी लाँडरिंगच्या, म्हणजे गुन्ह्याचा पैसा कायदेशीर दाखवण्याच्या, खटल्याबाबतही सर्वोच्च न्यायालयाने 2022 च्या विजय मदनलाल चौधरी निकालात तेच सांगितलं: मूळ गुन्ह्यातून आरोपी अंतिमतः सुटला तर मनी लाँडरिंगचा आरोप टिकत नाही.

म्हणून कलम 42 खाली खबर लेखी नोंदवणं आणि 72 तासांत वरिष्ठांना पाठवणं, कलम 50 खाली अंगझडतीआधी आरोपीला त्याचा हक्क समजावणं, कलम 52-एप्रमाणे दंडाधिकाऱ्यासमोर यादी आणि नमुने करून घेणं, कलम 57 चा अहवाल 48 तासांत देणं, या गोष्टी रुक्ष वाटल्या तरी दुबईच्या फ्लॅटचा पाया याच आहेत. आरोपीच्या कबुलीवर विसंबू नका. कलम 67 खाली अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालत नाही, हे तुफान सिंग प्रकरणात 2020 मध्ये ठरलं आहे.

दुसरी गोष्ट कलमांची. मालमत्तेचं प्रकरण, म्हणजे कायद्याचा पाच-अ हा भाग, दहा वर्षं किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यांना लागतो. गांजाचं व्यापारी प्रमाण 20 किलोंच्या वर सुरू होतं आणि तिथे शिक्षा दहा ते वीस वर्षं आहे. पण वावरात उभ्या पिकावर छापा पडला की अनेकदा फक्त लागवडीचं कलम लागतं आणि तपास कसणाऱ्यापाशी थांबतो. शेठपर्यंत जायचं तर कटाचं कलम 29 आणि पैसा पुरवणाऱ्यासाठीचं कलम 27-ए यांचा पुरावा पहिल्या दिवसापासून गोळा करायला हवा. उचल कुणी दिली, रोख की फोनवरून, बी आणि खत कुणाच्या गाडीतून आलं, माल उचलायला कोण येणार होतं, हे प्रश्न पहिल्याच चौकशीत विचारा. दोन आठवड्यांनी विचारले तर फोन बदललेले असतात.

वनपट्ट्याच्या जमिनीबाबत इथेच एक सांगतो, कारण ते मनाला लागतं. वनहक्क कायद्याखाली मिळालेला पट्टा वारसाने मिळतो, विकता येत नाही. ज्या आदिवासी कुटुंबाकडे तेवढा एकच आधार आहे, त्याच्या वावरात दुसऱ्याच्या पैशावर गांजा उभा राहतो आणि तुरुंगात घरचा कर्ता जातो. शेठच्या मालमत्तेची चौकशी झाली नाही, तर या कायद्याचा सगळा भार सर्वात गरीब माणसावर पडतो.

पायरी 2: माणसांची आणि सहा वर्षांची यादी

कलम 68-ए मध्ये आरोपी एकटा नाही. त्याचे नातेवाईक आणि सहयोगी, आणि पुरेशी किंमत देऊन प्रामाणिकपणे न घेतलेले मालमत्तेचे नंतरचे धारक हेही येतात. नातेवाइकांत पत्नी, भाऊबहीण, मुलं आणि पत्नीचे भाऊबहीणही येतात, म्हणून आपल्या उदाहरणातला मेहुणा सुटत नाही.

पण मर्यादा आहे. अटक किंवा वॉरंटच्या तारखेच्या सहा वर्षांआधी घेतलेली मालमत्ता या प्रकरणाखाली सरकारजमा होत नाही. तेव्हा आधी तारीख काढा, तिच्यामागे सहा वर्षं मोजा आणि त्या काळात कुटुंबाने काय काय घेतलं याचा एक तक्ता करा: सातबारा, फेरफार, दुय्यम निबंधकांकडची सूची क्रमांक 2, नगरपालिकेची घरपट्टी, वाहनांची नोंदणी, बँक आणि पतसंस्थेतली खाती, विमा पॉलिसी, सोन्याची बिलं, लॉकर. आपल्याकडे पतसंस्थांचं जाळं दाट आहे आणि ठेवी घरातल्या बाईमाणसाच्या किंवा मुलांच्या नावावर असतात. फक्त राष्ट्रीयीकृत बँकांना पत्र पाठवून थांबू नका.

नात्याने मालमत्ता आपोआप कलंकित होत नाही. नातेवाइकाच्या मालमत्तेचा आरोपीच्या बेकायदा पैशाशी दुवा दाखवावा लागतो, हे सर्वोच्च न्यायालयाने 1994 च्या अमृतलाल प्रजीवनदास खटल्यात आणि पुन्हा 2008 च्या अस्लम मर्चंट प्रकरणात सांगितलं. नोटिशीत कारणं आणि दुवा न लिहिल्याने कारवाई कोसळू शकते. तेव्हा तक्त्यात प्रत्येक मालमत्तेसमोर एक रकाना ठेवा: पैसा कुठून आला.

पायरी 3: "साहेब, केळीचं उत्पन्न आहे"

हा रकाना भरायला बसलात की खान्देशात हे उत्तर ठरलेलं असतं. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, रोखीचा व्यवहार चालतो, भाव वरखाली होतो. म्हणून काळा पैसा पांढरा दाखवायला केळी आणि कापूस ही सोयीची नावं ठरतात. प्रामाणिक केळी उत्पादकाचं नाव यात विनाकारण ओढलं जातं, म्हणूनही ही तपासणी नीट व्हायला हवी.

चांगली गोष्ट ही की केळी पिकवणारा माणूस मागे भरपूर कागद सोडतो. टिश्यू कल्चरच्या रोपांची बिलं असतात, ठिबकच्या संचाचं बिल आणि अनुदानाची नोंद असते, कृषिपंपाचं वीजबिल असतं, खतांच्या पावत्या असतात, पीकविम्याचा अर्ज असतो, पीककर्जाची फाईल असते. गावनमुना 12 मध्ये पिकाची नोंद असते आणि 2021 पासून ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतः काढलेला शिवारातला फोटो असतो. विक्रीच्या बाजूला व्यापाऱ्याची पट्टी, काट्यावरची वजनपावती, ट्रक किंवा कंटेनरचा कागद, आणि परदेशी माल गेला असेल तर पॅकहाऊसची नोंद.

आता हिशेब मांडा. ज्या वर्षी शेठने बंगला घेतला त्या वर्षी त्या गटात खरंच केळी होती का? होती तर किती क्षेत्रात, किती खोडं, किती घड कापले गेले? त्या आठवड्यात रावेर, यावल भागात भाव काय चालू होता? दाखवलेलं उत्पन्न त्या क्षेत्रात निघू शकतं का? गावातला कोणताही जाणता शेतकरी ऐकताक्षणी सांगेल की आकडा बसतो की नाही, पण जाणत्याचं मत न्यायालयात पुरेसं नाही. कृषी अधिकाऱ्याचं लेखी मत, बाजार समितीकडून त्या काळातल्या भावांची प्रत आणि तलाठ्याकडून प्रमाणित पीकपाहणी, हे तिन्ही जोडा. कापसाचं उत्पन्न सांगितलं तर जिनिंगच्या किंवा खरेदी केंद्राच्या पावत्या आणि खात्यावर आलेली रक्कम पाहा.

एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. खरं उत्पन्न हंगामाने येतं आणि त्याच्या आधी खर्च दिसतो. वर्षभर सारख्या रकमा जमा होत असतील आणि रोप, खत, मजुरी यांचा खर्च कुठेच नसेल, तर ती शेती कागदावरची असण्याचा संशय रास्त आहे.

कायदा इथे तपासाच्या बाजूने आहे. कलम 68-जे प्रमाणे मालमत्ता बेकायदा मिळकतीची नाही हे सिद्ध करण्याचा भार नोटीस मिळालेल्यावर असतो. 1988 च्या करारानेही देशांना असा भार उलटवण्याची मुभा दिली आहे. तरी आपली बाजू आधी भक्कम ठेवा, कारण हाच हिशेब पुढे परदेशात वाचला जाणार आहे आणि तिथे भार उलटलेला असेलच असं नाही.

पायरी 4: गोठवा, आणि घड्याळाकडे पाहा

मालमत्ता लपवली किंवा विकली जाण्याची शक्यता दिसली की कलम 68-एफ खाली तपास अधिकारी ती जप्त करू शकतो, आणि जप्त करणं व्यवहार्य नसेल तर पूर्वपरवानगीशिवाय हस्तांतर करू नये असा आदेश काढू शकतो. ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्यालाही हा अधिकार आहे.

त्यानंतर दोन मुदती. आदेशाची प्रत 48 तासांत सक्षम प्राधिकाऱ्याकडे गेली पाहिजे. महाराष्ट्रासाठी हे कार्यालय मुंबईत आहे, तस्करांच्या मालमत्तेच्या 1976 च्या साफेमा कायद्याचं काम पाहणारं तेच. आणि 30 दिवसांत त्या प्राधिकाऱ्याने आदेश कायम केला नाही तर तो आपोआप निष्प्रभ होतो. धुळ्याहून किंवा नंदुरबारहून टपालाच्या भरवशावर राहू नका. ईमेल करा, माणूस पाठवा, पोच घ्या. प्रतीसोबत पायरी 2 चा तक्ता आणि पायरी 3 चा हिशेब जोडा, म्हणजे प्राधिकाऱ्याला कारणं लिहायला साहित्य मिळेल.

आदेश निघाला त्या दिवशीच दुय्यम निबंधक, तलाठी, आरटीओ आणि बँका यांना कळवा. सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंद झाली नाही तर जमीन विकली जाते आणि निष्पाप गिऱ्हाईक अडकतं. आदेशानंतरचा व्यवहार कलम 68-एम खाली व्यर्थ ठरतो, पण ते सिद्ध होईपर्यंत त्या गिऱ्हाइकाची आयुष्यभराची पुंजी अडकलेली असते.

पायरी 5: परदेशाचा धागा घरातच सापडतो

दुबईचा फ्लॅट दुबईत जाऊन शोधायचा नसतो. त्याच्या खुणा झडतीत मिळतात, फक्त त्या ओळखता यायला हव्यात.

फोनच्या गॅलरीत मालकीपत्राचा फोटो, एमिरेट्स आयडीची प्रत, दुबईच्या वीज-पाणी प्राधिकरणाचं (DEWA) बिल, भाडेकराराच्या इजारी नोंदणीचा कागद, बिल्डरच्या हप्त्याची पावती. पासपोर्टवरचे शिक्के आणि विमानाची तिकिटं. बँकेतून कायदेशीर मार्गाने बाहेर पाठवलेल्या पैशासाठी भरलेला ए-2 अर्ज; रिझर्व्ह बँकेच्या या पैसे पाठवण्याच्या योजनेत एका माणसाला आर्थिक वर्षात अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, म्हणून कुटुंबातल्या चार जणांनी एकाच महिन्यात पैसे पाठवले असतील तर थांबून विचार करा. आयकर विवरणात परदेशी मालमत्तेचा तक्ता असतो. मालमत्ता आहे आणि तो कोरा आहे, तर 2015 च्या काळा पैसा कायद्याखाली वेगळी कारवाई होते.

हवाल्याने गेलेला पैसा बँकेत दिसत नाही. तिथे खूण म्हणून पाठवलेले नोटेच्या क्रमांकाचे फोटो, सांकेतिक रकमा, आणि "मिळाले" एवढाच निरोप, हे चॅटमध्ये शोधावं लागतं. फोनमधली माहिती काढताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 चं इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचं प्रमाणपत्र आणि प्रत बदललेली नाही हे दाखवणारं हॅश मूल्य पहिल्याच वेळी घ्या. तीच प्रत पुढे परदेशी वकिलाच्या टेबलावर जाणार आहे.

पायरी 6: औपचारिक विनंतीआधी विचारून घ्या

नवखा अधिकारी इथे थेट न्यायालयाचं विनंतीपत्र मागायला धावतो आणि त्यात "आरोपीच्या तेथील सर्व मालमत्तेची माहिती द्यावी" असं लिहितो. अशी मोघम विनंती कोणताही देश बाजूला ठेवतो. आधी अनौपचारिक वाटेने नेमकी माहिती मिळवायची, मग औपचारिक वाटेने ती पुराव्याच्या रूपात मागायची.

अनौपचारिक वाटा तीन. पहिली इंटरपोल. भारतात तिचं काम सीबीआय पाहते आणि जानेवारी 2025 पासून भारतपोल पोर्टलमुळे राज्य पोलिसांना तिथपर्यंत पोहोचणं सोपं झालं आहे. त्याच महिन्यात इंटरपोलने गुन्ह्यातल्या मालमत्तेचा माग काढण्यासाठी रुपेरी नोटीस प्रायोगिक तत्त्वावर सुरू केली. दुसरी वाट आर्थिक गुप्तवार्ता विभागाची, म्हणजे एफआययूची. भारताचा एफआययू 2004 मध्ये स्थापन झाला आणि 2007 पासून जगभरच्या अशा विभागांच्या एग्मॉंट गटाचा सदस्य आहे. संशयास्पद व्यवहारांची माहिती या गटात देशादेशांत फिरते. तिसरी वाट मालमत्ता वसुलीच्या आशिया-पॅसिफिक जाळ्याची. तिथे भारताच्या बाजूने ईडी, म्हणजे अंमलबजावणी संचालनालय आहे. अमली पदार्थांच्या टोळीबद्दल माहिती हवी असेल तर एनसीबीलाही, म्हणजे केंद्राच्या अमली पदार्थ नियंत्रण विभागालाही, सोबत घ्या.

या वाटांनी आलेली माहिती दिशा दाखवण्यासाठी असते. देणाऱ्या देशाच्या परवानगीशिवाय ती आरोपपत्राला जोडली तर तो देश पुढच्या वेळी दार उघडत नाही. कर-करारांतून आयकर खात्याला मिळालेली माहितीही अशीच बांधलेली असते.

पायरी 7: विनंतीचा कागद

ठाण्यातून किंवा पोलीस अधीक्षक कार्यालयातून परदेशी सरकारला थेट पत्र लिहिता येत नाही. भारताचं केंद्रीय प्राधिकरण म्हणजे दिल्लीतलं गृह मंत्रालय. प्रस्ताव राज्याच्या गृह विभागामार्फत तिथे जातो. न्यायालयाचं विनंतीपत्र हवं असेल तर ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 112 खाली मागायचं. जप्ती आणि सरकारजमा करण्याच्या आदेशांसाठी याच संहितेचं आठवं प्रकरण पाहा.

मसुद्यात काय असावं हे 1988 च्या करारातच सांगितलं आहे. विनंती करणारं प्राधिकरण कोण; तपास कशाचा आणि कुणाकडे आहे; घटनांचा सारांश; नेमकी काय मदत हवी; संबंधित माणसाची ओळख, ठिकाण, राष्ट्रीयत्व; आणि हेतू. मालमत्ता गोठवायची किंवा सरकारजमा करायची असेल तर तिचं वर्णन, आणि त्या देशाच्या न्यायालयाला स्वतःचा आदेश काढता येईल इतकी तथ्यं. आपल्या न्यायालयाचा आदेश तिथे राबवायचा असेल तर त्याची प्रमाणित प्रत.

सगळा जीव घटनांच्या सारांशात आहे. तो आपल्याकडच्या आरोपपत्राच्या भाषेत लिहू नका. "सदर इसमाने संगनमताने" वगैरे वाक्यं भाषांतरात मरतात. वाचणाऱ्याला शिरपूर कुठे आहे, वनपट्टा म्हणजे काय, पतसंस्था काय करते, हे ठाऊक नाही असं धरून, तारखेनुसार, छोट्या वाक्यांत लिहा. अमुक तारखेला इतका गांजा सापडला. तो ज्याच्या वावरात होता त्याला शेठने इतकी उचल दिली, हा त्याचा पुरावा. त्या वर्षी शेठच्या शेतीतून जास्तीत जास्त इतकं उत्पन्न निघू शकत होतं, हा हिशेब. अमुक महिन्यात मेहुण्याच्या दुबईतल्या खात्यात इतके दिरहम जमा झाले. मेहुण्याचा पगार इतका. त्यानंतर फ्लॅट घेतला गेला. वाचणाऱ्याला दुवा बोट ठेवून दाखवता आला पाहिजे.

नावांचं स्पेलिंग पासपोर्टप्रमाणेच ठेवा. आपल्याकडे वडिलांचं नाव मधे येतं, अरबीत ते वेगळ्या तऱ्हेने लिहिलं जातं, आणि एवढ्यावरून माणूस सापडत नाही. भाषांतर त्या देशाच्या भाषेत, प्रमाणित करून जोडा. निकड असेल तर कारणासह लिहा: फ्लॅट विक्रीला निघाल्याची जाहिरात सापडली असेल तर ती जोडा. आणि गोपनीयता मागा, नाहीतर त्या देशातल्या नोटिशीमुळे मेहुण्याला आपल्याआधी खबर लागते.

विनंती नाकारण्याची कारणंही करारात आहेत, जसं सार्वभौमत्व आणि सुरक्षा; त्यांच्याच चालू तपासात अडथळा येत असेल तर ती पुढे ढकलता येते. मिळालेला पुरावा ज्या कामासाठी मागितला त्याच कामासाठी वापरायचा. दुसऱ्या खटल्यात हवा असेल तर पुन्हा विचारायचं.

पायरी 8: ईडीची वाट कधी धरायची

पैसा परदेशात गेल्याचा पुरावा दिसताच अधीक्षकांमार्फत ईडीला कळवावं, थांबू नये. एनडीपीएसची महत्त्वाची कलमं मनी लाँडरिंग प्रतिबंध कायद्याच्या अनुसूचीत आहेत, त्यामुळे तुमचा गुन्हा हाच त्यांच्या कारवाईचा आधार होतो. त्या कायद्याच्या कलम 5 खाली 180 दिवसांपर्यंत तात्पुरती टाच येते, 30 दिवसांत न्यायनिर्णय प्राधिकरणाकडे तक्रार जाते, आणि टाच आलेली मालमत्ता परदेशात असल्यास कलम 60 खाली विशेष न्यायालय त्या देशाला आदेश राबवण्याची विनंती करू शकतं.

या कायद्याचं एक बळ आपल्याकडे फार कमी वापरलं जातं. 2015 च्या दुरुस्तीनुसार गुन्ह्याचा पैसा देशाबाहेर असेल, तर तेवढ्याच किमतीची देशातली मालमत्ता गुन्ह्याची मिळकत धरता येते. म्हणजे दुबईचा फ्लॅट कित्येक वर्षं हाती लागला नाही तरी शेठचा जळगावातला बंगला त्याच्या बदल्यात टाचेखाली येऊ शकतो. त्यासाठी फ्लॅटची किंमत कागदावर सिद्ध व्हायला हवी, म्हणून पायरी 5 मधली बिल्डरची पावती सोन्याच्या मोलाची.

परदेशातली कारवाई शक्य आहे का, याचं उत्तर इक्बाल मिर्चीच्या प्रकरणात आहे. अमली पदार्थांच्या व्यापारात नाव असलेला हा माणूस 2013 मध्ये लंडनमध्ये मेला. तरी 2020 मध्ये ईडीने त्याच्या कुटुंबाशी जोडलेल्या दुबईतल्या 15 मालमत्तांवर, सुमारे 203 कोटी रुपयांच्या, टाच आणली. वेळ किती लागतो हेही त्याच प्रकरणात दिसतं.

वारा उलटाही वाहतो

दुसऱ्या देशाने मागितलं तर आपल्यालाही द्यावं लागतं. परदेशात अमली पदार्थांच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्या किंवा अटक झालेल्या माणसाची भुसावळमधली किंवा शहाद्यातली मालमत्ताही 68-ए खाली येते. कलम 8-ए नुसार अशा गुन्ह्यातून आलेली मालमत्ता, मग गुन्हा परदेशी कायद्याखालचा असला तरी, ठाऊक असून घेणं किंवा लपवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. कलम 27-बी खाली त्याला तीन ते दहा वर्षांची शिक्षा आहे. आखातात कामाला असलेल्या दादाने "माझ्या एका मित्राचे पैसे तुझ्या खात्यात घे आणि गावाकडे प्लॉट घे" म्हटलं, तर त्या मित्राच्या उत्पन्नाचा कागद मागा. कागद नसेल तर नाही म्हणा, नातं कितीही जवळचं असलं तरी.

नोटीस तुमच्या घरी आली असेल तर

कलम 68-एचची नोटीस ही शिक्षा नाही. घाबरून मालमत्ता विकू नका, त्याने बाजू कायमची बिघडते. उत्तराला 30 दिवस असतात. पायरी 3 मध्ये सांगितलेले सगळे कागद आता तुमच्या बाजूने मांडायचे आहेत: पट्ट्या, कर्जाची फाईल, वाटणीपत्र, लग्नातल्या सोन्याची बिलं, निवृत्तीच्या रकमेचा खातेउतारा. मालमत्ता सहा वर्षांहून जुनी असेल तर ते पहिल्या परिच्छेदात लिहा. काही भागाचाच हिशेब लागत नसेल तर कलम 68-के खाली तेवढ्या भागाच्या बाजारभावाइतका दंड भरून मालमत्ता राखण्याचा पर्याय मिळू शकतो. सरकारजमेचा आदेश झाला तर 45 दिवसांत अपील, सबळ कारण दाखवलं तर फार तर 60 दिवसांपर्यंत. त्यापुढे न्यायाधिकरण ऐकत नाही.

आणि फोनवर किंवा व्हिडिओवर कुणी एनसीबीचा अधिकारी म्हणून "तुमच्या पार्सलमध्ये ड्रग्ज सापडलं, खातं तपासायला पैसे पाठवा" म्हटलं, तर तो फसवणुकीचा प्रकार आहे. खरा आदेश लेखी येतो, कलम लिहिलेला, सही-शिक्क्याचा. अशा वेळी 1930 वर तक्रार करा. गावातल्या गांजाची किंवा गोळ्यांची माहिती द्यायची असेल तर एनसीबीची 1933 ही मानस हेल्पलाईन आहे.

मिळालेला पैसा कुणाचा

पाच-अ प्रकरणाखाली सरकारजमा झालेल्या मालमत्तेच्या विक्रीतून आलेली रक्कम कलम 7-ए खालच्या राष्ट्रीय निधीत जाते. तो निधी व्यापार रोखणं, व्यसनींवर उपचार आणि पुनर्वसन यांसाठी आहे. जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या अमली पदार्थ समन्वय समितीत, म्हणजे एनकॉर्डच्या जिल्हा बैठकीत, या निधीतून नंदुरबार-धुळ्यातल्या व्यसनमुक्ती केंद्रांसाठी प्रस्ताव पाठवावा असा आग्रह धरायला हरकत नाही. त्याच बैठकीत किती किलो पकडलं याच्या शेजारी किती मालमत्ता गोठवली, किती आदेश 30 दिवसांत कायम झाले आणि किती विनंत्या बाहेर गेल्या, हे तीन रकाने मागा.

परदेशात सरकारजमा झालेल्या मालमत्तेचं गणित वेगळं आहे. 1988 च्या करारानुसार ती ज्या देशात आहे, तिची विल्हेवाट त्या देशाच्या कायद्याने लागते. वाटून घेण्याचा करार दोन देशांनी करावा अशी सूचना करारात आहे, सक्ती नाही. म्हणून वाट्याची मागणी विनंतीच्या पहिल्याच मसुद्यात लिहावी. फ्लॅट विकला गेल्यावर पत्रव्यवहार सुरू केला, तर तोवर ती रक्कम त्यांच्या तिजोरीत जमा झालेली असते.